हजार यार्डांच्या बेंचरेस्टसाठी काडतूस निवडताना

बेंचरेस्ट म्हणजे बाकावर रायफल टेकवून केलेली अचूक नेमबाजी. तिच्यासाठी कॅटलॉगमधला वेगाचा आकडा बघून काडतूस ठरवू नका. आधी बघा, चांगल्या प्रतीच्या केसेस (काडतुसाची धातूची नळकांडी) सहज आणि सातत्याने मिळतात का. एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, केसेस हाताशी नसतील तर महागडी बॅरलही काही करू शकत नाही. हजार यार्डांवर गोळीच्या वेगात सेकंदाला 10 फुटांचा फरक पडला, तरी मारा साधारण दोन इंच वर-खाली सरकतो. त्यामुळे वेग किती यापेक्षा तो दर गोळीला किती सारखा, हे महत्त्वाचं.

म्हणूनच नवख्याला मी 6 बीआर हे काडतूस किंवा त्याचाच सुधारित अवतार 6 डॅशर सुचवेन. केस छोटी, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) छोटा, दारू कमी. 105 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) आसपासची लांब, निमुळती गोळी वापरायची, आणि तिच्यासाठी बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, 8 इंचांना एक फेरा असा असावा. धक्का इतका सौम्य की रायफल बॅगवर सरळ मागे येते, पुढची गोळी लगेच झाडता येते. वारा बदलायच्या आत एका फेरीतल्या पाचही गोळ्या सोडायच्या असतील तर ही फार मोठी सोय आहे.

.300 डब्ल्यूएसएम या मोठ्या काडतुसाची जड गोळी वाऱ्याने कमी ढळते, हे खरं. पण धक्का मोठा, त्यामुळे रायफल जड हवी आणि बॅगवरची मांडणी पक्की. 6.5-284 हे काडतूसही अचूक आहेच, फक्त बॅरल लवकर झिजवतं. नव्या बॅरलचा खर्च आधीच धरा.