डाय घालून सीटी स्कॅन: आत्याच्या फाईलला टाचलेली तयारीची यादी

गेल्या मे महिन्यात माझ्या आत्याचा पोटाचा सीटी स्कॅन ठरला, डाय घालून, म्हणजे आतले अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून औषध देऊन. चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘चार तास उपाशी पोटी यावे.’ आत्या कोथरूडची, वय 75, जन्मभर कडक एकादश्या केलेली. तिच्या हिशेबात उपाशी म्हणजे निर्जळी. त्यात चार तास कशाला, म्हणून तिने आदल्या रात्री आठलाच तोंड मिटलं. अकराची वेळ साडेबारावर गेली आणि बाहेर ऊन रणरणत होतं. आतल्या मुलाने विचारलं, “आजी, पाणी प्यायलात ना?” आत्या ताठ मानेने म्हणाली, “थेंबसुद्धा नाही.” त्याने कपाळाला हात लावला. मग पाणी पाजून दोन तास बसवलं आणि त्यानंतर स्कॅन झाला. तेव्हापासून घरात कुणाचाही असा स्कॅन निघाला की मी ही यादी फाईलला टाचतो.

पहिलं काम पाण्याचं. चिठ्ठी हातात आली की तिथल्या तिथे विचारून घ्या: उपाशी म्हणजे जेवण नको की पाणीही नको? बहुतेक वेळा साधं पाणी चालतं, आणि हल्लीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचना तर अशा स्कॅनआधी उपाशी राहण्याचीच गरज नाही म्हणतात. पण केंद्राने सांगितलंच असेल तर वाद घालू नका, जेवण सोडा, फक्त पाण्याचं स्पष्ट करून घ्या. (भूल देऊन काही करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्यांचंच ऐकायचं.) डायमध्ये आयोडीन असतं आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. जाताजाता मूत्रपिंडाच्या आतल्या रक्तवाहिन्या आक्रसू शकतात, आणि तो भाग मुळातच कमी ऑक्सिजनवर भागवणारा असतो. शिवाय मूत्रपिंडातल्या, लघवी तयार करणाऱ्या बारीक नळ्यांच्या पेशींना थेट इजाही होऊ शकते. अंगात पाणी कमी असलं की डाय नळ्यांत घट्ट होऊन रेंगाळतो. म्हणून आदल्या दिवसापासून नेहमीसारखं पाणी चालू ठेवा, आणि तारीख ठरवताना दिनदर्शिका बघून एकादशी, संकष्टी टाळा. हृदय कमजोर असेल, पाय सुजत असतील किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल, तर मात्र ‘भरपूर पाणी’ हा सल्ला तुमच्यासाठी नाही. किती प्यायचं ते त्यांनाच विचारा.

आणि घरातल्या बायकांना एकदा खरं कारण विचारा. आत्याने नंतर मला हळूच सांगितलं, एकादशी हे निमित्त होतं. कोथरूडहून हडपसरपर्यंत रिक्षात तास-दीड तास, वाटेत जायचं कुठे? म्हणून ती बाहेर पडायच्या आधी पाणी पीतच नाही. गेली चाळीस वर्षं.

दुसरं, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ; मूत्रपिंड मंदावलं की रक्तात तो वाढतो. बहुतेक केंद्रं ते मागतातच. पण रिपोर्टवरचा आकडा वाचून ‘थोडंच वाढलंय’ म्हणून फाईल मिटू नका. शेजारी ईजीएफआर छापलेला असतो, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, तो बघा. नसेल तर लॅबला मागा. आत्याचं क्रिएटिनिन 1.4 होतं. तेवढंच क्रिएटिनिन तिशीतल्या पुरुषाचं असेल तर ईजीएफआर साधारण 69 येतो, पंचाहत्तरीच्या बाईचा 39. क्रिएटिनिनचा आकडा तोच, पण तिच्या मूत्रपिंडाची ताकद जवळजवळ निम्मी. शिरेतून डाय देऊन केलेल्या सीटीसाठी खरी काळजी ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर, किंवा मूत्रपिंड आत्ताच बिघडलेलं असेल तर. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी कॉलेजने आणि किडनी फाउंडेशनने 2020 साली मिळून हेच सांगितलं, आणि पूर्वी सगळा दोष डायच्या माथी मारला जायचा, त्यातला बराचसा मूळ आजाराचा असायचा हेही. अशा पेशंटला आधी आणि नंतर सलाईन लावतात. ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त आकडा वेळेत त्यांच्यासमोर ठेवा. अँजिओग्राफीत डाय धमनीतून जातो, तिथे जास्त जपतात. डाय कमीत कमी वापरता येईल का, हे विचारायला संकोच नको.

उलट बाजूही सांगतो. भीतीने गरजेचा स्कॅन पुढे ढकलू नका. छातीत कळ आली किंवा अर्धांगाचा झटका आला, तर क्रिएटिनिनची वाट बघत कुणी थांबत नाही, थांबूही नये.

आता गोळ्या. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, तोंडी सांगण्यावर विसंबू नका. आमच्याकडे सगळ्यात लपून बसलेली गोष्ट निघाली ती गुडघेदुखीची गोळी. आत्या ती ‘औषध’ धरतच नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणते, दुखलं की घेते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, ही सगळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करणारी मंडळी. स्कॅनच्या आधी-नंतर दोन दिवस ती बंद ठेवता येतील का, आणि तोवर पॅरासिटामॉलवर भागेल का, हे डॉक्टरांना विचारा. कुणी दिलेली भस्मं, काढे चालू असतील तर तेही सांगून टाका, आयुर्वेदाच्या नावाने लपवू नका.

मधुमेहाच्या गोळीत मेटफॉर्मिन आहे का ते पट्टीच्या मागे बघा. दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं असेल तर नाव बारीक अक्षरात असतं, चष्मा लावूनच वाचा. मेटफॉर्मिन स्वतः मूत्रपिंड बिघडवत नाही. पण मूत्रपिंड ढेपाळलं तर ते अंगात साठतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. ईजीएफआर 30 च्या खाली असला तर ते थांबवून 48 तासांनी, पुन्हा तपासणी करूनच सुरू करतात. चांगला असेल तर शिरेतून डाय देऊन केलेल्या सीटीसाठी बंद करायची गरज सहसा पडत नाही, तरी बरीच केंद्रं सरसकट थांबवायला सांगतात. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

डायपासून मूत्रपिंड वाचावं म्हणून एन-अॅसिटिलसिस्टीनच्या फसफसणाऱ्या गोळ्या अजून कुठे कुठे लिहून देतात. अँजिओग्राफीच्या पेशंटवरच्या मोठ्या चाचणीत 2018 साली त्यांचा उपयोग दिसला नाही. कुणी दिलीच तर तीच खरी राखण समजून पाणी विसरू नका.

फाईलमध्ये जुने रिपोर्ट, आधी डाय घेतला असेल तर त्याची तारीख आणि तेव्हा अंगावर पित्त उठलं होतं का याची नोंद ठेवा. नुकताच डाय घेतला असेल आणि घाई नसेल, तर दोन तपासण्यांत एक-दोन दिवस अंतर मागा. मासे खाल्ल्यावर अंगाला खाज येते म्हणून डाय चालणार नाही, ही समजूत चुकीची, पण अॅलर्जी असेल तर ती सांगाच. डाय जाताना अंगात ऊब येते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. आत्या तेवढ्यावरच ओशाळली होती, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर पुन्हा पाणी. लघवी कमी झाली, पाय सुजले किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंड आधीच नाजूक असेल तर 48 ते 72 तासांनी क्रिएटिनिन परत काढायला सांगतात. ती लॅबची वेळ स्कॅनच्याच दिवशी घेऊन ठेवा, नाहीतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणत राहून जाते. आत्याचं तिसऱ्या दिवशी 1.3 आलं.

यादीच्या तळाशी आत्याने तिच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: ‘निघण्याआधी फोन करून विचारणे, तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे.’