जमीन सुधारणेची बातमी कशी तपासावी

कूळ कायदा (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांचे हक्क), कमाल जमीन धारणा (जमीन बाळगण्याची मर्यादा), वनहक्क (वनजमीन कसणाऱ्यांचे हक्क) यांवरची बातमी हाती आली की पहिला प्रश्न पडतो, पेपर कुणाच्या बाजूचा? तिथून सुरुवात करू नका. बाजू अग्रलेखात उघडच असते. बातमीचा रोख मात्र ठरतो तो कसणाऱ्याला कोणत्या नावाने हाक मारली आहे, त्यावर.

आधी कात्रणे जमवा. घटना एकच घ्या. एका मोठ्या दैनिकाची मुंबई किंवा पुणे आवृत्ती, त्याच दैनिकाची जिल्हा आवृत्ती आणि एक स्थानिक पत्र, एवढे पुरते. काळ मात्र किमान महिनाभराचा हवा. सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2019 रोजी वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. पहिल्या आठवड्यावर थांबलेला अभ्यास इथे सपशेल चुकतो. प्रत्येक कात्रणावर तारीख, आवृत्ती आणि पान लिहून ठेवा. पान लिहायचे राहिले, तर बातमीला किती वजन दिले होते हे नंतर कळायला मार्ग नाही.

आता लाल पेन घेऊन जमीन कसणाऱ्यासाठी वापरलेला प्रत्येक शब्द अधोरेखित करा. नंदुरबारच्या एकाच माणसाला ‘अतिक्रमणधारक’, ‘दावेदार’, ‘वनपट्टेधारक’ किंवा ‘आदिवासी शेतकरी’ म्हणता येते. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला जास्तीत जास्त 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्याला हटवता येत नाही. म्हणून दावा प्रलंबित असताना ‘अतिक्रमणधारक’ छापले, तर निकाल बातमीदारानेच देऊन टाकला असे समजा. बातमी वनखात्याच्या पत्रकावरून उतरवली असेल तर हा शब्द हमखास येतो. त्यात दर वेळी हेतू असतोच असे नाही.

नंतर क्रियापदे पाहा. ‘पट्टे वाटले’ हे वनहक्काच्या बाबतीत चूक आहे, कारण हा कायदा आधीपासूनचा हक्क मान्य करतो, नवी जमीन वाटत नाही. ‘वाटप’ शोभते ते कमाल जमीन धारणा कायद्यात. तिथेही तीन आकडे वेगळे असतात: अतिरिक्त घोषित झालेली जमीन, प्रत्यक्ष ताबा घेतलेली आणि वाटलेली. पहिला आकडा सर्वांत मोठा असतो, म्हणून मथळ्यात तोच चढतो. घोषित आणि वाटलेली यांच्यातल्या फरकाची जमीन कोर्टकज्ज्यात अडकलेली असू शकते. बातमीत एकच आकडा असेल तर समासात लिहा: कोणत्या टप्प्याचा?

सर्वांत फसवा शब्द ‘दिलासा’. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 खाली 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कुळे मालक मानली गेली, पण कलम 43 ने विक्रीवर बंधन ठेवले. सातबाऱ्यावर त्याची नोंद असते. 2014 च्या दुरुस्तीनंतर खरेदीला 10 वर्षे झाली असतील, तर आकाराच्या (जमिनीवरच्या शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून परवानगीशिवाय विक्री करता येते. आकार 5 रुपये असेल तर नजराणा 200 रुपये. आता ‘कुळांना दिलासा’ या मथळ्याखाली पाहा. मूळ बंधन कुळाच्या हातची जमीन पुन्हा जाऊ नये म्हणून होते, हे एका ओळीत तरी सांगितले आहे का? नसेल, तर सुधारणेची बातमी जमीन-बाजाराची बातमी झाली आहे.

आकडे तपासताना एकक धरून चाला. 1 हेक्टर म्हणजे 100 आर, सुमारे 2.47 एकर, 1 एकर म्हणजे 40 गुंठे. वैयक्तिक आणि सामूहिक (अख्ख्या गावाचे) वनहक्क एकत्र बेरजेत आले असतील तर ते आधी सोडवा. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या एका गावाचा सामूहिक हक्क सुमारे 1,800 हेक्टरचा आहे. 4 हेक्टरच्या कमाल मर्यादेचे 450 वैयक्तिक दावे मिळून तेवढे क्षेत्र होते. अशी बेरीज छापून ‘आदिवासींना इतकी जमीन’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे.

आंदोलनाच्या बातमीसाठी मोजपट्टी वेगळी. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला आलेल्या किसान लाँग मार्चची कात्रणे सरावाला उत्तम आहेत. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून मोर्चेकरी रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. हा तपशील, सोललेले तळपाय, वाहतूक आणि वनहक्काची मागणी, या चौघांना किती ओळी मिळाल्या ते मोजा. वनहक्क कितव्या परिच्छेदात आला तेही टिपा. सहानुभूतीची बातमीही मागणी गिळू शकते, फक्त शिव्या न देता.

दोन चुका वारंवार होतात. एकाच वृत्तसंस्थेची बातमी तीन पेपरांत आली की तीन मते मोजली जातात. म्हणून पहिल्या दोन परिच्छेदांचे शब्द आधी ताडून पाहा. आणि मथळा बहुधा बातमीदार देत नाही, उपसंपादक देतो. मजकूर आणि मथळा यांचे रकाने वेगळे ठेवा, मग दोघांत न जुळणारे शब्द आपोआप समोर येतात.