जुना ट्रेन ट्रान्सफॉर्मर प्लगला लावण्याआधी या चुका टाळा

माळ्यावरून जुना लायोनेल झेडडब्ल्यू, म्हणजे अमेरिकन लायोनेल कंपनीचा खेळण्यातल्या ट्रेनचा ट्रान्सफॉर्मर काढायचा, फडक्याने पुसायचा आणि लगेच प्लगला लावायचा, असं करू नका. ही पेटी 115 व्होल्ट, 60 सायकलची (हर्ट्झची) आहे. आपल्याकडे 230 आणि 50. व्होल्टेज बहुतेकांच्या लक्षात येतं, सायकल कुणी बघतच नाही.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घरी गणपतीत मखराभोवती गाडी फिरत होती. 110 चा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावलेला, म्हणून सगळे निर्धास्त. दुपारपर्यंत पेटीवर हात ठेववेना, संध्याकाळच्या आरतीला व्हार्निश जळल्याचा वास आला. प्रायमरी, म्हणजे प्लगकडची कॉइल गेली होती. 50 सायकलवर लोखंडी कोअर लवकर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकत्वाची मर्यादा संपते, आणि प्रायमरी जास्त करंट ओढते. 115 ला 50 ने गुणून 60 ने भागा, 96 येतात; 50 सायकलवर पेटीला साधारण तेवढेच व्होल्ट झेपतात. म्हणून 100 व्होल्टचा टॅप असलेला, किमान 500 व्हीएचा कॉइलवाला स्टेपडाउन घ्या. आउटपुट 20 ऐवजी 17 च्या आसपास मिळेल, गाडीला तेवढं पुष्कळ. आतल्या ब्रेकरच्या भरवशावर राहू नका. तो सेकंडरीवर, म्हणजे रुळाकडच्या कॉइलवर असतो, प्रायमरी तापली तरी तो पडत नाही.

पहिल्यांदा सप्लाय देताना सिरीज बोर्डच वापरा. स्टेपडाउनच्या 230 बाजूला फेजमध्ये 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब, एलईडी नको. रुळाच्या वायरी सोडवलेल्या. बल्ब मंद राहिला तर पुढे जा, भगभगीत पेटला तर तिथेच थांबा.

दुसरी चूक कार्बन रोलरची, म्हणजे हँडल फिरवल्यावर कॉइलच्या उघड्या वेढ्यांवरून सरकणाऱ्या चाकाची. झिजलेला रोलर मिळत नाही म्हणून पितळेचा तुकडा बसवतात. रोलर सरकताना शेजारच्या दोन वेढ्यांना एकदम टेकतो. कार्बनचा रेझिस्टन्स तिथला करंट आवरतो. पितळ ते वेढे सरळ शॉर्ट करतं. योग्य रोलर मिळेपर्यंत थांबायची तयारी नसेल तर पेटी उघडूच नये. रोलर चपटा झाला किंवा कडा तुटल्या की बदलायचा, चारही बघायचे. रोलरखालची उघड्या वेढ्यांची तांब्याची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर नको, वेढ्यांमध्ये तांब्याचा चुरा अडकतो.

वायर वाकवल्यावर रबर तडकलं तर टेप गुंडाळू नका, अख्खी बदला.

बाहेरून तेलाचा फवारा मारू नका.

खाडीकाठच्या दमटपणात पावसाळाभर पडून राहिलेली पेटी आधी मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) तपासा: 500 व्होल्टवर प्रायमरी ते लोखंडी कोअर 2 मेगओहमपेक्षा कमी आलं, तर झाकण काढून 60 वॅटच्या बल्बखाली दिवसभर वाळवा आणि पुन्हा मोजा.