परसात मेटल डिटेक्टरला काही सापडलं? ओळखताना या चुका टाळा

पंचवटीतल्या आमच्या आजोळच्या वाड्याची मागची पडवी पाडायला काढली, तेव्हा मामाने फोन केला, "काँक्रीट पडायच्या आत तुझं ते यंत्र एकदा फिरव बाबा." दोन दिवसांत घमेलंभर माल निघाला: खिळे, बिजागऱ्या, कोयंडे, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, दोन-चार नाणी आणि एक चपटं, अर्धचंद्रासारखं लोखंडी पातं. पात्याला एका कडेने भोकं होती. मी लगेच घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, "भाल्याचं टोक, बहुतेक पेशवाई." संध्याकाळी शेजारचे आजोबा डोकावले, पातं हातात घेऊन म्हणाले, "अरे, ही बैलाची पत्री. वाड्यात आपल्या दोन बैलगाड्या होत्या."

बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून त्याला घोड्यासारखी यू आकाराची नाल बसत नाही. प्रत्येक खुराला दोन सुट्ट्या पत्र्या लागतात आणि भोकं खिळ्यांसाठी असतात. एवढं साधं मला सुचलं नाही, कारण शोधायला मी तलवारीच निघालो होतो. ही पहिली चूक. वस्तू किती जुनी हे विचारायच्या आधी त्या जागी काय चालायचं ते विचारा. गोठा होता का, चूल कुठे होती, मोरी कुणीकडे, दाराची चौकट कधी बदलली? घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासोबत चहा घेत कागदावर वाड्याचा कच्चा नकाशा काढा. पुढचं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

पडद्यावरच्या आकड्यावर विसंबणं

यंत्र धातू ओळखत नाही. जमिनीतली वस्तू वीज किती वाहते आणि आकाराने केवढी आहे, यावरून ते एक आकडा सांगतं. त्यामुळे चॉकलेटचा चंदेरी कागद आणि सोन्याची बारीक अंगठी एकाच आकड्यावर येऊ शकतात, आणि बाटलीचं बूच नाण्यासारखं खणखणतं. त्यात आपली नाशिकची माती बेसाल्टची, तिच्यात चुंबकीय लोहखनिज असतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र त्या मातीशी जुळवून घेणं, हे न करता काळ्या जमिनीत फिरलात तर यंत्र उगाच किरकिरत राहील. चुलीच्या जागी तर हमखास फसायला होतं. भाजलेली वीट, कौल, जळकी माती हेही आवाज देतात. उपाय असा: सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा आणि त्याच जागेवरून आधी पूर्व-पश्चिम, मग दक्षिण-उत्तर कॉइल (यंत्राची खालची तबकडी) फिरवा. एकाच बाजूने आवाज येत असेल तर बहुधा खिळा असतो.

खिळ्यांवरून आठवलं, तेही सगळे फेकू नका. चौकोनी अंगाचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला खिळा लोहाराने ठोकून केलेला असतो. गोल, एकसारख्या जाडीचा तारेचा खिळा कारखान्यात निघालेला, म्हणजे नंतरचा. परसाच्या कोणत्या थरात कोणते खिळे निघतात यावरून बाकीच्या वस्तूंच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

शिवराई म्हणजे शिवकालीनच, असं धरून चालणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि भावनेपोटी होते. शिवराई या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" असतं. पण हा मजकूर महाराजांनंतरही थांबला नाही. पेशवाईत शिवराया भरपूर पडल्या आणि इंग्रजी अमलातही लोक त्या वापरत होते. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी तर बरीच उशिराची. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्यामुळे पूर्ण अक्षरं बहुतेक वेळा दिसतच नाहीत. कधी नुसतं "त्र" आणि अर्धा "प" दिसतो. त्यामुळे अक्षरांची वळणं, ठिपक्यांची कडा, वजन हे सगळं एकत्र बघून ठरवावं लागतं. आमची शिवराई मी ग्रुपवर "रायगडची" म्हणून जाहीर केली होती. घरचे अजून मला चिडवतात.

नाण्यावर साल छापलेलं असलं तरी ते सरळ घेऊ नका. १८४० साल असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे रुपये पुढेही त्याच सालाने पडत राहिले आणि राणीच्या रुपयावरचं १८६२ हे साल १८७४ पर्यंत गोठलेलं होतं. १९४७ चा वाघाचा रुपया चुंबकाला चिकटला म्हणून तो नकली ठरवू नका. तो निकेलचाच आहे. आणि राम-सीतेचं चित्र, "ईस्ट इंडिया कंपनी" ही अक्षरं आणि १८१८ किंवा १६१६ साल असलेलं जाडजूड नाणं मिळालं तर देव्हाऱ्यात ठेवा, पण कंपनीने असलं नाणं पाडलेलं नाही. त्यातल्या काहींवर "यूके" असंही असतं आणि सोबत साल १६१६! युनायटेड किंगडम हे नावच १८०१ पासूनचं.

चिंच, लिंबू, पितांबरी

तांबट आळीच्या गावात तांबं चकचकीत करायचा मोह कुणाला आवरत नाही. माझ्या मामीने शिवराई चिंचेच्या कोळात बुडवली आणि दहा मिनिटांत ती नव्या तांब्यासारखी गुलाबी करून दिली. सोबत अक्षरांच्या कडाही गेल्या. जमिनीत तयार झालेला हिरवा-तपकिरी थर म्हणजे घाण नव्हे. बारीक नक्षी पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असते.

करायचं एवढंच: साधं पाणी, मऊ ब्रश, आणि चिकटलेली माती बाभळीच्या काट्याने हलक्या हाताने. लोखंडाला तेवढंही पाणी नको; कोरडी माती झटका आणि पुसा. हिरवा थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर काळजी नाही. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उगवत असेल तर ते तांब्याचं दुखणं आहे, क्षारांमुळे आत गंज चालू आहे. अशी वस्तू सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डबीत वेगळी ठेवा.

रंगावरून धातू ठरवणं

पांढरं म्हणजे चांदी, पिवळं म्हणजे सोनं, हा हिशेब सोडा. कसोटीच्या दगडावर घासून ओरखडाही पाडू नका. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. वस्तूचं वजन करा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरा. आता दिसणारा आकडा म्हणजे वस्तूचं घनफळ. वजनाला त्याने भागा, की घनता मिळते. आमची शिवराई १०.६ ग्रॅम, पाण्यातला आकडा १.२०, म्हणजे ८.८, तांब्याची घनता ८.९, जमलं. "चांदीचा" पैंजणाचा तुकडा ६.४ ग्रॅम, पाण्यात ०.७४, म्हणजे जेमतेम ८.६. चांदी १०.५ असते, तेव्हा हे बहुधा जर्मन सिल्व्हर. मामीचा चेहरा बघण्यासारखा झाला. पोकळ किंवा खडे बसवलेल्या वस्तूला ही युक्ती लागू नाही.

सगळं एकाच पिशवीत टाकणं

सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. कोणी कोणाला हरवलं, याचा पुरावा त्या ढिगाने दिला. तीच नाणी सुटी सुटी सराफ बाजारात वितळली असती तर पदरात फक्त चांदी पडली असती. म्हणून वस्तू उचलायच्या आधी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, खोली आणि जागा लिहा, वेगळ्या पुडीत ठेवा. एकाहून जास्त नाणी किंवा मडक्याचा काठ दिसला तर खणणं तिथेच थांबवा.

चुकीच्या माणसाला दाखवणं

भंगारवाला वजन सांगेल आणि सराफ भाव सांगेल. तांब्याचं भांडं "तांदूळ ओढतं" का, म्हणजे त्यात जादुई शक्ती आहे का, हे बघायला येणारे मात्र तुमचाच खिसा ओढतात, त्यांना दारात उभं करू नका. दाखवायचं तर सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाकडे दाखवा. नाणी वाचायला शिकायची असतील तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचं नाणे संग्रहालय आहे.

आणि घर आपलं म्हणून जमिनीतलंही सगळं आपलं, असं नाही. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यात मर्यादा अवघी १० रुपयांची आहे. त्याहून जास्त किमतीचा निधी जमिनीत मिळाला तर काय मिळालं, कुठे, कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पांडवलेणी किंवा इतर संरक्षित स्मारकाच्या आवारात तर यंत्र नेऊच नका.

देवळाली कॅम्पच्या बाजूला राहत असाल तर आणखी एक. तिथे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. गंजलेला, निमुळत्या नळीसारखा जड लोखंडी तुकडा लागला तर तो पुसायचा नाही, हलवायचा नाही, फोटोसाठी उचलायचा तर मुळीच नाही. मुलांना आत घ्या, ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत तो खड्डा बुजवायलाही जाऊ नका.