डासांचं मॉडेल पहिल्यांदा लिहिताना

मलेरिया किंवा डेंग्यूच्या प्रसाराचं मॉडेल शिकायला घेतलं की पाऊस, तापमान, लोकांची ये-जा, डेंग्यूचे चारही प्रकार असं सगळं एकदम त्यात कोंबायचा मोह होतो. मग आलेख भलताच आला की चूक कुठे शोधायची तेच कळत नाही. सुरुवात रॉस-मॅकडोनाल्ड मॉडेलपासून करा. १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनीच पुढे ही समीकरणंही मांडली. सगळे डास मारायची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरतं, हे त्यातूनच निघालं.

समीकरणं दोनच: बाधित माणसांचं प्रमाण आणि बाधित डासांचं प्रमाण. त्यासाठी माणसामागे किती माद्या, एक मादी माणसाला दिवसाला किती वेळा चावते, चाव्यातून लागण होण्याची शक्यता (माणसाकडून डासाकडे वेगळी, डासाकडून माणसाकडे वेगळी), माणूस बरा होण्याचा दर, डासाचा मृत्यूदर आणि डासाच्या शरीरातला अधिशयन काळ (डासाने संसर्ग घेतल्यापासून तो पुढे देऊ शकेपर्यंतचे दिवस), एवढं लागतं. सगळे दर ‘दर दिवसाला’ याच एककात ठेवा. रुग्णांची आकडेवारी आठवड्याची आणि दर दिवसाचे, ही गल्लत फार होते.

खरी गंमत डासाच्या वयात आहे. अधिशयन काळ १० दिवस धरा. डास रोज जगण्याची शक्यता ०.९ असेल, तर १० दिवस काढणारे डास सुमारे ३५ टक्के. तीच ०.८ केली तर जेमतेम ११ टक्के. शिवाय त्यानंतरचं सरासरी आयुष्यही साडेनऊ दिवसांवरून साडेचारवर येतं. दोन्ही मिळून आर-नॉट, म्हणजे एका बाधित माणसामुळे सरासरी किती नव्या माणसांना लागण होते तो आकडा, जवळपास सातपट घटतो. डासांची संख्या निम्मी केली तर तो फक्त निम्मा होतो, चावण्याचा दर निम्मा केला तर चौथाई, कारण डास एकदा संसर्ग घेताना चावतो आणि एकदा देताना. कोडला हात लावण्याआधी हे कागदावर करून बघाच.

नेमकं इथेच बरेच जण फसतात. अधिशयनासाठी मॉडेलमध्ये एकच कप्पा (एका अवस्थेतल्या डासांचा गट) ठेवला की काही डास पहिल्याच दिवशी संसर्गजन्य होतात. वरच्याच आकड्यांनी ३५ ऐवजी जवळपास ४९ टक्के डास पार पडलेले दिसतात. उपाय सोपा: त्याच काळाचे पाच कप्पे करा आणि प्रत्येकातून बाहेर पडण्याचा दर दिवसाला ०.५ ठेवा. उत्तर ३८ टक्क्यांवर येतं. कप्पे वाढवले की आणखी जवळ.

आर-नॉटचे आकडे दुसऱ्यांच्या कामाशी ताडताना सूत्र बघून घ्या. माणूस-डास-माणूस असं पूर्ण चक्र मोजलं की, समजा, १६ येतो. पुढच्या पिढीच्या मॅट्रिक्सने (कुठल्या गटातून कुठल्या गटात किती नवे संसर्ग होतात त्याच्या तक्त्याने) काढलेला आकडा बहुधा त्याचंच वर्गमूळ असतो, म्हणजे ४. साथ वाढते की विझते हे ठरवणारा उंबरठा दोन्हीकडे १ च असल्याने ही तफावत सहज नजरेतून सुटते.

मॉडेल सोडवायला पायथनमधलं ‘सॉल्व्ह-आयव्हीपी’ किंवा आर या संगणकीय भाषेतलं ‘डीसॉल्व्ह’ पुरेसं आहे. माणसांची एकूण बेरीज स्थिर राहते का, कुठला कप्पा शून्याखाली जातो का, हे आधी तपासा. डासांचा मृत्यूदर खूप वाढवला आणि साथ तरीही पेटली, तर एखादं चिन्ह उलटं पडलंय.

आता आकडेवारी. दर आठवड्याला नोंदले जातात ते नवे रुग्ण. बाधितांचा कप्पा सांगतो त्या क्षणी आजारी किती. दोन्ही एकमेकांवर बसवू नका. नव्या संसर्गांची साठत जाणारी बेरीज वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि आठवड्या-आठवड्यातला फरक घ्या. डेंग्यूत लक्षणं न दिसणारे संसर्ग पुष्कळ, म्हणून नोंद होण्याचं प्रमाणही हवं. पण फक्त रुग्णसंख्येवरून डासांची संख्या, चावण्याचा दर आणि लागणीची शक्यता वेगवेगळी काढता येत नाही, कारण समीकरणात ती गुणाकारातच येतात. संगणक तिन्ही आकडे बिनदिक्कत देईल. विश्वास ठेवू नका. काही आकडे कीटकशास्त्रीय निरीक्षणांवरून पक्के करा, नाहीतर गुणाकारच अंदाजा.

मॉडेल आकडेवारीवर बसवताना (फिटिंग) लीस्ट-स्क्वेअर्सऐवजी निगेटिव्ह बायनोमियल वितरण वापरा, कारण अशा आकड्यांतला चढउतार मोजणीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या पॉयसन वितरणाच्या अपेक्षेहून बराच मोठा असतो. शेवटचे दोन-तीन आठवडे मात्र फिटिंगमधून वगळा. उशिरा येणाऱ्या नोंदींमुळे तिथली रेघ खाली वळलेली दिसते आणि मॉडेल त्यालाच साथीची ओहोटी समजून बसतं.