पाचोळ्यातले शॅमेलिऑन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मादागास्करच्या उत्तरेला, आंबर माउंटन राष्ट्रीय उद्यानात पहिले दोन दिवस मी ज्याला 'मस्त पोझ' समजत होते, ती त्या जिवाची भीती होती. बाकी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणं) वगैरे तुम्हाला येत असेलच, म्हणून आधी हेच.

ब्रुकेशिया ट्यूबरक्युलाटा हा पाचोळ्यातला शॅमेलिऑन, म्हणजे सरड्याचाच एक प्रकार, शेपटीसकट जेमतेम बोटाच्या दीड पेराएवढा. गाइडने पान उचललं, तसा तो कुशीवर कलंडला, पाय पोटाशी. मी खूश! हलतच नाही, म्हणजे वेळच वेळ. वीस मिनिटं फ्लॅश मारत बसले. धोका वाटला की सुकं पान होऊन पडायचं, ही ब्रुकेशियांची सवयच आहे, हे मला रात्री फोटो चाळताना उमगलं. दोन दिवसांच्या एकूण एक फोटोंत पाय मुडपलेले.

तर, चारही पायांवर उभा असेल, डोळे दोन दिशांना फिरत असतील, तरच शटर दाबा. कलंडला की कॅमेरा खाली आणि मागे सरका. सरकतानाही आधी पायाखाली बघा, दुसरा तिथेच असू शकतो.

उद्यानात रात्री फिरायला बंदी आहे, रात्रफेरी बाहेरच्या रस्त्याकडेनेच. हे पठ्ठे काडीवर, रोपट्यावर झोपतात, बहुधा गुडघ्याच्याही खाली, आणि टॉर्चमध्ये फिकट दिसतात. काडी हलली की टपकन खाली. दोन फोटो काढा, पुढे चला.

एकास-एक मोठेपणाला (प्राणी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा) लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ११ ठेवूनही जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर धारदार येतं. आणखी बारीक, एफ २२ वर नेलंत तर सगळंच मऊ पडतं. पोटावर झोपा, सेन्सर त्याच्या कुशीला समांतर धरा, फोकस डोळ्यावर. स्टॅकिंगचे (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्याचे) धडे देणारे, प्राणी त्या फांदीवर आला कसा, हे कधी सांगत नाहीत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

गाइड घ्यावाच लागतो, आणि त्याची नजर तुम्हाला दहा वर्षांत येणार नाही. 'हात लावायचा नाही' हे मात्र निघण्याआधीच सांगा. तो बोटावर ठेवून देतो ते आपल्यासारख्यांनीच मागितलेलं असतं म्हणून.

पहिल्या दिवशी स्वतःहून एकही दिसला नाही तरी खट्टू होऊ नका, मलाही नाही दिसला. पावसाळ्यात जा, कोरड्या महिन्यांत फार हाल होतात. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला बसले, तर बुटापासून वीतभर अंतरावर एक जण डुलत डुलत पान ओलांडत होता. फोटो हललाय.