वरून धडधाकट दिसणारा बाण: तपासणीतल्या या चुका टाळा

तुटलेल्या बाणाची भीती नसते. तो दिसतो, आणि दिसला की कोणीही बाजूला ठेवतो. काळजी करायची ती दुसऱ्या बाणाला घासून गेलेल्या, टार्गेटच्या लाकडी स्टँडवर आदळलेल्या आणि तरीही वरून ठणठणीत वाटणाऱ्या बाणाची. दोरी सुटते तेव्हा अख्ख्या धनुष्याचा जोर नॉकमागून (बाणाच्या मागच्या टोकाला दोरीत अडकणारी खाच) शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, येतो आणि शाफ्ट वाकतच पुढे निघतो. त्या क्षणी आधीची बारीकशी चीर उघडली, तर शाफ्ट धनुष्य धरलेल्या हाताजवळच फुटतो. कार्बनचे अणकुचीदार तुकडे मग पंजात किंवा मनगटाच्या वर घुसतात.

फक्त सरावाआधी तपासणं

घरून निघताना सगळे बाण पाहिले, म्हणजे दिवसभराची चिंता मिटली, असं बरेच जण धरून चालतात. पण बाण खराब होतो तो मैदानावर, दोन फेऱ्यांच्या मधे. म्हणून खरी तपासणी टार्गेटमधून बाण उपटतानाच व्हायला हवी. प्रत्येक बाण हातात आला की एकदा फिरवून बघायचा, एवढं पुरे. पण टार्गेटवर बाणाला बाण लागल्याचा ‘टक्‌’ आवाज आला असेल, बाण चुकून जमिनीत किंवा दगडात गेला असेल, किंवा आपटून उलटा फिरला असेल, तर तो बाण पूर्ण तपासणी होईपर्यंत दोरीवर चढवू नये. मागून येऊन धडकलेला बाणही तितकाच संशयित असतो, हे हमखास विसरलं जातं. एका बाणाच्या मागच्या टोकात दुसरा बाण रुतला की सगळे फोटो काढतात. काढा, पण नंतर दोन्ही बाण भात्याबाहेर ठेवा.

कार्बनच्या बाणाला नुसतं डोळ्यांनी पाहणं

कार्बनच्या धाग्यांचे थर आतून सुटलेले असले तरी वरचा रंग तसाच चकचकीत राहू शकतो. शिवाय मागच्या बाजूला शोभेचा स्टिकर गुंडाळलेला असेल तर त्याखालची चीर दिसतच नाही. त्यामुळे इथे हात आणि कान दोन्ही लागतात.

आधी कापसाचा बोळा शाफ्टवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठे धागा अडकला, तर तिथे कार्बनची कूस वर आलेली आहे. हे काम उघड्या बोटाने करू नका. कार्बनची कूस बारीक, ठिसूळ असते, कातडीत मोडते आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

मग वाकवून पाहायचं. एक हात पॉइंटच्या, म्हणजे पुढच्या अणीच्या, जरा मागे, दुसरा नॉकच्या जरा पुढे. बाण चेहऱ्यापासून लांब धरा, डोळ्यांवर चष्मा असेल तर उत्तम. मधला भाग साधारण अडीच ते पाच सेंटीमीटर सरकेल इतपतच वाकवा, सोडा, शाफ्ट थोडा फिरवा, पुन्हा वाकवा. पूर्ण एक फेरा होईपर्यंत हे चार-सहा वेळा करा. ‘कर्र’ असा चिरकण्याचा आवाज आला, बोटांना बारीकसा झटका जाणवला किंवा एका बाजूला शाफ्ट इतर बाजूंपेक्षा सहज वाकला, तर तो बाण गेला. शेवटी दोन्ही टोकं धरून उलटसुलट पिळून बघा. चांगला शाफ्ट पिळला जात नाही. गर्दीत, गप्पा मारत ही तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण तो आवाज फार बारीक असतो.

ॲल्युमिनियमचा हिशेब वेगळा. तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो. सपाट टेबलाच्या कडेला पिसं बाहेर ठेवून शाफ्ट घरंगळवला की डगमग लगेच कळते. थोडा बाक सरळ करून घेता येतो, पण खोक पडलेला किंवा चिरलेला शाफ्ट दुरुस्त होत नाही. आत ॲल्युमिनियम आणि वर कार्बन असलेल्या बाणाला दोन्ही तपासण्या लागतात. लाकडी बाणात रेषांच्या दिशेने गेलेली चीर शोधा, विशेषतः पॉइंटच्या लगेच मागे.

नॉककडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तीही सगळ्यात स्वस्त भागापायी. नॉक प्लास्टिकचा असतो. दुसऱ्या बाणाची धडक बसली की त्याच्या बेचक्यात केसाएवढी चीर पडते. बाण सोडताना तो नॉक फुटला तर दोरी रिकामीच पुढे जाते, म्हणजे ड्राय फायर होतो. बाणाने न्यायची सगळी ऊर्जा मग धनुष्याच्या पात्यांत आणि दोरीतच जिरते. त्याने पातं तडकू शकतं, दोरी तुटू शकते.

नॉक उजेडासमोर धरून बेचक्याच्या तळाशी बघा, दोन्ही कान बोटांनी हलकेच दाबा. शंका आली तर नवा घाला, त्यावर विचार करत बसू नका. जुना नॉक काढलाच आहे, तर शाफ्टची मागची कडही पाहून घ्या, मागून बसलेल्या धडकेची चीर तिथूनच सुरू होते. दोरीवरची पकडही तपासावी. बाण दोरीला लटकवायचा आणि दोरीला शेजारी बोटाने टिचकी मारायची. तेवढ्याने बाण सुटून खाली पडला, तर पकड योग्य. आपोआप गळून पडत असेल तर सैल, टिचकीनेही हलत नसेल तर घट्ट.

दुसऱ्याचा बाण चढवणं

“एकच मारतो” म्हणून मित्राच्या भात्यातला बाण घेतला जातो. तो आखूड असेल तर पूर्ण ओढल्यावर पॉइंट रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) मागे येतो, आणि सोडलेला बाण थेट हातात जाऊ शकतो. पूर्ण ओढलेल्या स्थितीत बाण रेस्टच्या पुढे किमान अडीच सेंटीमीटर असावा. वाढत्या वयाच्या मुलांचं हे माप वर्षभरातही बदलतं. गेल्या वर्षी बरोबर असलेला बाण यंदा आखूड निघतो, म्हणून त्यांची लांबी मधूनमधून मापावी.

वजनाचंही तसंच. फार हलका बाण सोडणं जवळजवळ ड्राय फायरच. सर्वसाधारण किमान मर्यादा दर पाउंड ताणाला ५ ग्रेन, म्हणजे ४० पाउंडांच्या धनुष्याला किमान २०० ग्रेन, सुमारे १३ ग्रॅम. धनुष्याच्या पुस्तिकेत याहून जास्त आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. आणि स्पाइनचा, म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचा, आकडा जितका मोठा तितका शाफ्ट लवचिक, इथे नवख्यांची हमखास उलट समजूत होते. ताकदवान कंपाउंडवर (टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर) फार लवचिक शाफ्ट चढवू नये.

एकच बाण सारखा बाजूला जातो?

आधी स्वतःच्या तंत्राला दोष देऊ नका. बाणांना क्रमांक घाला. वर्ल्ड आर्चरी या जागतिक तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांत शाफ्टवर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं लागतातच, शेजारी आकडा लिहिला की झालं. तोच क्रमांक पुन्हा पुन्हा गटाबाहेर पडला, तर नॉक वाकडा बसलाय का, व्हेन (प्लास्टिकचं पीस) कडेने सुटलीये का, पॉइंट सैल झालाय का, या क्रमाने बघा. सुटलेली व्हेन किंवा पिसाचं टोकदार मूळ बोट कापू शकतं. पॉइंट ओढताना टार्गेटमध्येच राहत असेल तर बहुतेक वेळा गोंदाचा प्रश्न असतो. बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या बाणांचा गरम करून लावायचा गोंद मऊ पडतो. पॉइंट पुन्हा बसवताना गरम करायचा तो पॉइंट, कार्बनला ज्योत दाखवायची नाही.

संशयित बाण परत भात्यात

‘घरी जाऊन बघू’ म्हणून ठेवलेला बाण पुढच्या फेरीत हातात येतोच. शंका आली की जागेवरच त्याचा नॉक काढून खिशात टाका. नॉक नसलेला बाण चुकूनही दोरीवर चढत नाही.

टार्गेटजवळची घाई

धावत जाऊ नका. समोर जमिनीत रुतलेल्या बाणाचं मागचं टोक वर उभं असतं, तेही नेमकं पायाच्या उंचीवर. उपटताना एक हात टार्गेटवर सपाट टेकवा, दुसऱ्याने शाफ्ट टार्गेटला लागून धरा आणि सरळ रेषेत मागे ओढा. तिरका ओढलेला बाण वाकतो. पाठीमागे कोणी उभं नाही ना, हे दर वेळी पाहा. टार्गेटमागे बाण शोधायला जायचं असेल तर एक धनुष्य टार्गेटच्या पुढ्यात टेकवून ठेवा, म्हणजे बाण मारायच्या लाइनवर येणाऱ्याला कळतं. स्पर्धेत दोन शिट्ट्या म्हणजे लाइनवर या, एक म्हणजे सुरू करा, तीन म्हणजे बाण आणायला जा, पाच किंवा जास्त म्हणजे ताबडतोब थांबा. लाइनच्या पुढे पडलेला बाण उचलायला वाकू नका.

कार्बनचा बाण फुटलाच तर सगळे तुकडे गोळा करून जाड टेपमध्ये गुंडाळा, मगच टाका. आणि तुकडा हातात घुसला असेल तर तो ओढून काढू नका. आजूबाजूला स्वच्छ कापडाचा आधार देऊन हात स्थिर ठेवा आणि तसंच दवाखान्यात जा. फुटलेल्या बाणाचा उरलेला भाग डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.